आपला गुलाब आपलाच आहे काय?

“सर, जरा येऊन बघा की वो. आमचा गुलाब पालटला!”

२०२३ सालच्या फेब्रुवारीतील ही गोष्ट. शाळेला निघण्याच्या घाईत आम्ही स्कूटर रस्त्यावर काढीत होतो, तोच शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून हाक मारली. त्यांच्या परड्यात विहिरीच्या कठड्याशी एक गुलाब आहे. काका नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो कुठल्याशा नर्सरीतून आणून लावला होता. फूल गर्द लाल, मखमली, एका देठावर एकच. काका २०१५ साली गेले. त्यानंतर त्या झाडाला पाणी घालण्यात काकूंनी एक दिवसही खंड पाडला नाही. आणि आता त्याच झाडावर बोराएवढी पांढरी फुले झुबक्यांनी आली होती. लाल फूल एकही नव्हते. लावणारे माणूस गेले म्हणजे झाड रंग टाकते, असे कोणी तरी त्यांना सांगितले होते. काकूंनी ते पुरते खरे मानले नव्हते, पण आम्हांस सांगताना त्यांचा आवाज कापला.

झाड असा रंग टाकीत नाही. झाले होते ते निराळेच. काकू अलीकडे ज्याला पाणी घालीत होत्या ते काकांनी निवडलेले झाड नव्हतेच.

स्मरणिकेच्या संपादकांनी ‘काही तरी शैक्षणिक लिहा’ अशी गळ घातली तेव्हा त्यांना बहुधा शिस्त, वाचन किंवा मोबाइल यांवरील लेख अपेक्षित असावा. परंतु आमच्या बेळगावात ज्या घरी चार हात मोकळी जागा आहे तेथे एक जास्वंद, एक तगर आणि निदान कुंडीत तरी एक गुलाब असतोच. आणि तो कोणता, हे सांगणारे माणूस घरात क्वचितच सापडते. तेव्हा आम्ही याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे ठरविले आहे. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी आम्हांस क्षमा करावी.

नर्सरीतून आपण जो गुलाब विकत आणतो तो बहुतेक वेळा एक झाड नसून दोन झाडे असतात. खाली मातीत एका दणकट, काटक गुलाबाचे मूळ व बुंधा असतो. त्याला माळी ‘खुंट’ म्हणतात. त्या खुंटाच्या सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर पाडून तीत दुसऱ्या, सुंदर फुलाच्या गुलाबाचा एक डोळा बसवितात व वरून पट्टी बांधतात. यालाच डोळा भरणे म्हणतात. डोळा जगला, त्यातून फांदी निघाली, की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकतात. यापुढे मुळे एकाची आणि फूल दुसऱ्याचे. संसार चांगला चालतो, कारण नाजूक जातीच्या गुलाबाला स्वतःच्या मुळांवर जितका जोर येत नाही तितका तो या उसन्या मुळांवर येतो.

पण खुंट मेलेला नसतो. सांध्याच्या खालून, कधी मातीच्या आतून, तो आपला स्वतःचा धुमारा वर काढतो. हा धुमारा सरळसोट, तेजस्वी हिरवा आणि विलक्षण जोमदार असतो. घरचा माणूस तो पाहून आनंदित होतो, झाडाने यंदा चांगली फूट काढली म्हणतो, आणि आणखी एक टोपली शेणखत घालतो. मुळांतून येणारा रस आधी खालच्या धुमाऱ्याला मिळतो; वरचा नाजूक पाहुणा उपाशी राहतो. अशी दोनतीन वर्षे गेली की लाल गुलाबाच्या फांद्या एकेक करून वाळतात व खुंटाचे झाड सगळी जागा व्यापून बसते. काकूंकडे हेच घडले होते. खुंट होता बहुफुली रानगुलाबाचा, म्हणजे ज्याला वनस्पतिशास्त्रात रोझा मल्टिफ्लोरा म्हणतात त्याचा. हा चीन, जपान, कोरिया या मुलखांतला. त्याची खूण पक्की आहे. गुलाबाच्या पानाच्या देठाला बुडाशी दोन्ही बाजूंनी चिकटलेली लहान पाने असतात, त्यांना उपपर्णे म्हणतात. इतर गुलाबांत ती बहुधा साध्या कडेची असतात. या रानगुलाबात मात्र त्यांची कड फणीच्या दातांसारखी कातरलेली असते. काकूंना आम्ही भिंग देऊन ती दाखविली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, “म्हणजे हे दुसरंच कुणी तरी आहे.”

ही खूण आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने दाखविली खरी. परंतु अर्ध्या ज्ञानाचा हाच आत्मविश्वास एकदा आम्हांस फार महाग पडला आहे. तेही सांगितले पाहिजे.

आमच्या अम्मीने मिरजेच्या आजोळाहून एका गुलाबाची कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती व मोरीच्या पाण्यावर ती वाढविली होती. फूल फिक्कट गुलाबी, सैल पाकळ्यांचे, दिसायला सामान्य. पण वास असा की सकाळी खिडकी उघडली की तो घरात येई. त्याच्या पाकळ्या खडीसाखरेबरोबर बरणीत भरून अम्मी माळवदावर उन्हात ठेवी, त्याचा गुलकंद होई. शबे-बरातला कब्रस्तानात न्यायची फुले याच झाडाची. २००९ साली आम्ही गुलाबावरचे एक पुस्तक वाचले आणि त्यात खुंटाच्या धुमाऱ्यांचे संकट वाचून दचकलो. पाहतो तो अम्मीच्या गुलाबाच्या बुडातून चारपाच जोमदार धुमारे वर आलेले! आम्ही कात्री घेऊन ते सर्व साफ केले. पुढच्या पावसाळ्यात आले, तेही कापले. त्याच्या पुढच्या वर्षीही. २०११ च्या उन्हाळ्यात जुन्या फांद्या वयोमानाने वाळल्या आणि त्यांची जागा घ्यायला नवे काही शिल्लक नव्हते. झाड गेले. कांडीपासून वाढविलेल्या गुलाबाला खुंट नसतोच, त्याच्या बुडातून येणारी प्रत्येक फूट ही त्याचीच असते, किंबहुना तेच त्याचे पुढचे आयुष्य असते, हे आमच्या डोक्यात आले तेव्हा उशीर झाला होता. अम्मी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “किताब में अपना झाड था क्या रे?”

तेव्हा कात्री हाती घेण्यापूर्वी बुंधा पाहावा. आळ्यातली माती हातानेच, हलकेच, चारपाच बोटे खोल बाजूला सारावी. कलमी झाडाच्या बुंध्याला एके ठिकाणी गाठ अथवा फुगवटा दिसतो, तेथून फांद्या एकाच बाजूस झुकून निघालेल्या असतात. गाठीच्या वरून जे निघाले ते आपले. खालून जे निघाले ते खुंटाचे. गाठ कोठेच नाही, सर्व फांद्या जमिनीतून सारख्याच निघाल्या आहेत, सर्वांची पाने व काटे एकसारखे आहेत, तर ते स्वतःच्या मुळांवरचे झाड समजावे व त्याला हात लावू नये. ‘पाच पर्णिका असतील तर खरा, सात असतील तर रानटी’ असा एक नियम लोक सांगतात. तो सोयीचा आहे, पण भरवशाचा नाही. कित्येक उत्तम गुलाबांनाही सात पर्णिकांची पाने येतात. पान फक्त संशय घेण्यापुरते. निकाल बुंध्याशी लागतो. खुंटाचा धुमारा ठरला, तर तो जमिनीलगत कापू नये, कारण राहिलेल्या बुडख्यातून एकाचे चार फुटतात. जेथून तो निघाला तेथपर्यंत माती उकरून मुळासकट ओरबाडून काढावा.

आता गुलाबांच्या कुळांकडे वळू. मूळचा रानगुलाब बहुधा पाच पाकळ्यांचा, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचे दाट वर्तुळ. आपण ज्याला भरगच्च गुलाब म्हणतो त्यातल्या अधिकच्या पाकळ्या म्हणजे रूप पालटलेले पुंकेसरच होत. एखादे फूल उकलून आतवर जा, अर्धी पाकळी व अर्धा पुंकेसर असा एखादा अवयव हमखास सापडतो. आमच्या वर्गातील मुले तो शोधण्यासाठी भांडतात. दुसरी एक गंमत कळीच्या हिरव्या निदलांची. ती पाच असतात. अनेक गुलाबांत, विशेषतः जुन्या जातींत, त्यांपैकी दोहोंना दोन्ही कडांना झालर असते, दोहोंना मुळीच नसते आणि पाचव्याला एकाच कडेला असते. कळीत ही निदले एकमेकांवर चढून बसलेली असतात; जी कड बाहेर उघडी राहते तिला झालर फुटते, जी झाकली जाते ती साधी राहते. युरोपात यावर जुने लॅटिन कोडेही आहे. आणि गुलाबाचा काटा म्हणजे खरा काटा नव्हे. लिंबाचा किंवा बोगनवेलीचा काटा ही एक आखडलेली फांदीच असते, ती मोडावी लागते. गुलाबाचा काटा सालीची वाढ असल्याने अंगठ्याने बाजूला दाबताच टपकन निघतो.

बाजारात ‘गावठी गुलाब’ या एकाच नावाखाली निदान दोन निराळी झाडे विकली जातात. एक दमास्क गुलाब. कनौजचे अत्तर व गुलाबपाणी ज्याचे होते तो. त्याची पाने मऊ, किंचित राखी छटेची, खालून लवदार, निदले लांब, काटे लहानमोठे, विषम. दुसरा एडवर्ड गुलाब, जो आपल्या दक्षिण भागात हारांत सर्रास असतो. याचा इतिहास मनोरंजक आहे. हिंदी महासागरात रियुनियन नावाचे फ्रेंच बेट आहे. त्याचे पूर्वीचे नाव बुर्बाँ. तेथे दमास्क आणि चिनी गुलाब यांच्या आपोआप झालेल्या संकरातून एक नवा गुलाब निपजला व त्याचा वंश १८२० च्या सुमारास फ्रान्समध्ये पोचला. तेथल्या बागाइती जगात त्या कुळाला बुर्बाँ हे नाव पडले. त्या बेटावरच्या ‘एदुआर’चे आपल्याकडे एडवर्ड झाले. आईकडून वास आणि बापाकडून बारमाही फुलण्याची सवय (किंवा उलट म्हणा), असे त्याचे भाग्य. वर्षात वारंवार फुलणे हा गुण बहुतांशी चिनी गुलाबांचा. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात जाईपर्यंत तिकडचे बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच फुलत.

दुकानांत एका लांब देठावर एकच टोकदार कळी असलेला जो गुलाब मिळतो तो ‘हायब्रीड टी’. या कुळातला पहिला म्हणून १८६७ सालचा ‘ला फ्रान्स’ मानला जातो. जुने व नवे गुलाब यांची सीमारेषा त्याच वर्षावर ओढतात. एका देठावर झुबक्याने मध्यम फुले येणारा तो फ्लोरिबंडा. बोटाच्या पेराएवढ्या फुलांचा, सगळेच लहान असलेला, तो बटणगुलाब. छपरावर जाणारे वेलगुलाब निराळे. हे सर्व परदेशीच असे मात्र कोणी समजू नये. गव्हाच्या जातींवर आयुष्य वेचलेले आणि १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल यांनी फावल्या वेळात कित्येक गुलाब निर्माण केले. ‘दिल्ली प्रिन्सेस’ १९६३ सालचा, शुभ्र ‘डॉ. होमी भाभा’ १९६८ सालचा. देशाच्या भाकरीची चिंता वाहणाऱ्या माणसाने संध्याकाळी गुलाबाच्या कळीत चिमट्याने पराग ठेवीत बसावे, हे आम्हांस फार आवडते.

गुलाबाच्या सोबतीला परड्यात जी फुलझाडे असतात त्यांची ओळख याहून सोपी, आणि काही ठिकाणी याहून निकडीची आहे. जास्वंदीपासून आरंभ करू, कारण तिच्या शास्त्रीय नावातच ‘चीनचा गुलाब’ असा अर्थ आहे. नावापलीकडे गुलाबाशी तिचे काही नाते नाही. ती भेंडीच्या व कापसाच्या कुळातली. फुलाच्या मध्यातून जी नळी बाहेर येते तिच्या अंगावर पुंकेसर व अगदी टोकाला स्त्रीकेसराचे पाच लाल ठिपके. आपल्या परड्यातील जास्वंदीला बी क्वचितच धरते, म्हणून ती पिढ्यान् पिढ्या फांदीनेच एका घरातून दुसऱ्या घरात गेली आहे.

तगर आणि अनंत यांची गफलत नित्याची. दोघांची पाने चकचकीत, समोरासमोर. दोघांची फुले पांढरी, एकेरी आणि दुहेरीही. उपाय सोपा: एक पान तोडावे. दुधासारखा चीक आला तर तगर; न आला तर अनंत. शिवाय अनंताचे फूल दुसऱ्या दिवशी लोण्यासारखे पिवळट होते आणि वास सोडीत नाही. मेंदीचीही अशीच गल्लत होते. कुंपणाला लावलेले कोणतेही छाटलेले झुडूप आपण मेंदी म्हणतो. पण त्यातले पुष्कळसे कोयनेल असते, कडू मेंदी ती हीच. कोयनेलचे फूल लांब पांढऱ्या नळीचे, बाहेर लोंबणारे जांभळट केसर असलेले. खऱ्या मेंदीचे फूल बारीक, चार चुरगळलेल्या पाकळ्यांचे, आठ केसरांचे, तुऱ्यांत येणारे. परंतु ते पाहिलेली माणसे थोडी, कारण दर महिन्याला कात्री चालविली तर तुरा येणार कोठून? कुंपणाचे एखादे कोपऱ्यातले झाड छाटल्याशिवाय सोडून द्यावे. त्याच्या वासाचे अत्तर गुलहिना नावाने विकले जाते. ते आपल्या घरी फुकट मिळेल.

कण्हेरीविषयी मात्र गंमत नाही. लाल, गुलाबी वा पांढऱ्या कण्हेरीची अरुंद पाने एकेका पेरावर तीन तीन येतात. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ती अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली; तिची पाने एकाआड एक, फूल घंटेसारखे, चीक दुधाळ, फळ हिरवे व तिकोनी. दोन्हींच्या सर्व अंगांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारे विष असते, आणि बिट्टीच्या बियांत ते फारच. आम्ही सातआठ वर्षांमागे शिकवीत होतो त्या शाळेच्या आवारात एका पाचवीतल्या मुलाने खेळताखेळता बिट्टी फोडून आतली बी चावली. बदाम समजून चावली, असे तो म्हणाला. दोन रात्री तो रुग्णालयात होता, नशिबाने वाचला. त्या आवारात ते झाड वीस वर्षे उभे होते आणि आम्हांपैकी दोघांतिघांना त्याचे गुण ठाऊकही होते. सांगितले कोणीच नव्हते. घरात लहान मूल असेल तर बिट्टी लावू नये. असलेलीच ठेवायची तर निदान मुलांना ती नावानिशी दाखवावी. बी पोटात गेल्याचा संशय जरी आला तरी घरगुती उपचार करीत न बसता थेट रुग्णालय गाठावे व सोबत फळ न्यावे.

प्राजक्ताचे वर्णन करण्याची गरज नाही, फक्त त्याच्या कोवळ्या फांदीला दोन बोटांत धरून फिरवावे: ती चौकोनी लागते, आणि पान जिभेसारखे खरखरीत. हा मोगऱ्याचा आप्त, हे मात्र सांगूनही कोणी मानीत नाही. जाई व जुई ओळखायच्या तर फुलाकडे न पाहता पानाकडे पाहावे. जाईचे पान पाचसात पर्णिकांचे, पिसासारखे. जुईचे साधे किंवा एक मोठी पर्णिका आणि तिच्या बुडाशी कानाच्या पाळीसारख्या दोन इवल्या पर्णिका असे.

काही झुडपांत आपण ज्याला फूल म्हणतो ते फूलच नसते. बोगनवेलीचे रंगीत कागद ही तिची पाने होत. खरी फुले आत तीन, बारीक नळीसारखी, पांढरट. खानापूर, जांबोटीच्या वाटेवर पावसाळ्यात हिरव्या झुडपावर पांढरी पाने टांगल्यासारखी दिसतात, ती भूतकेस. तिथे पांढरे जे दिसते ते एकच मोठे झालेले निदल. खरे फूल त्याच्याजवळचे लहानसे केशरी. नर्सरीत गुलाबी व पिवळसर ‘मुसांडा’ म्हणून जे महाग झुडूप विकतात, ते या आपल्या रानातल्या भूतकेसाचे भाऊबंद. आणि घाणेरीचे फूल पिवळे उमलून मग लाल वा गुलाबी होते, ते मधमाश्यांना व फुलपाखरांना कळावे की येथील मध संपला. दिसायला फार देखणी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेसाठीच कलकत्त्याच्या बागेत आणली गेली, आणि आज देशभरची राने तिने गिळली आहेत. ती मुद्दाम लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

फुलांचा आनंद घ्यायचा म्हणजे वेळ साधावी लागते. गुलाबाचा वास सूर्य चढण्यापूर्वी. अत्तरवाले उगाच पहाटे तोडणी करीत नाहीत. रातराणी दिवसा हुंगणे व्यर्थ. तगरीला रात्री मंद वास येतो, हे दुपारी ठाऊक होत नाही. एकेरी पाच पाकळ्यांचा गुलाब असेल तर सकाळी आठच्या सुमारास त्यावर मधमाशी परागात लोळताना पाहावी; गुलाब तिला मध जवळजवळ देतच नाही, परागावरच बोळवण करतो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असा कोसळतो की गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडून ती गळतात. त्याची चिंता करू नये. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप देऊन छाटणी करावी. निंबोळी पेंड व शेणखत घालावे. दीड ते दोन महिन्यांत थंडी पडते आणि फुलेही येतात.

एक गोष्ट मनाला लागून आहे. शहापूर, टिळकवाडी, अनगोळ भागांत जुनी घरे एकामागून एक पडत आहेत. त्याबद्दल तक्रार करणारे आम्ही कोण? भावाभावांत वाटण्या व्हायच्या, मुलांना घरे लागायची. पण जेसीबी येतो तो सकाळी, आणि परडे दुपारपर्यंत सपाट झालेले असते. घराच्या दारखिडक्या, कडीपाट, तांब्याचे हंडे आधीच काढून नेलेले असतात. त्यांची किंमत सर्वांना ठाऊक असते. विहिरीजवळच्या गुलाबाची कोणाला ठाऊक नसते, कारण त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. असे गुलाब कित्येकदा आज कोणत्याही नर्सरीत मिळत नाहीत. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब कांडी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरची दोन पाने ठेवून बाकीची काढलेली, ओलसर वाळूमिश्रित मातीत सावलीत ठेवली तर गावठी गुलाब बहुधा मुळे धरतो. त्याला दहा मिनिटे लागतात. घर पाडण्याची तारीख कळली की आम्हांस कळवावे, आम्ही फडके घेऊन येऊ. अम्मीच्या गुलाबासारखा एखादा गुलाब कोणाच्या परड्यात असेल तर तेवढ्यासाठी मिरजेपर्यंतही जाऊ. एकदा जाऊन आलोही, पण आजोळचे ते घर आता उरलेले नाही.

काकूंच्या झाडाकडे परत जाऊ. त्या सकाळी शाळेला अर्थातच उशीर झाला. संध्याकाळी येऊन आम्ही माती उकरली, तेव्हा पांढऱ्या फुलांचे सर्व धुमारे गाठीच्या खालून निघालेले दिसले. गाठीच्या वरचा भाग जवळजवळ वाळला होता. फक्त कठड्याच्या बाजूस, सावलीत, करंगळीएवढी एक तांबूस फांदी होती आणि तिला चार पाने. नखाने साल खरवडली, आत हिरवे होते. खुंटाचे धुमारे एकेक करून ओढून काढले, काकू शेजारी उभ्या राहून प्रत्येक वेळी “तेच ना वो सर? नक्की तेच ना?” असे विचारीत होत्या. पुढचे वर्षभर त्या फांदीला आम्ही छाटले नाही, फूल धरू दिले नाही, आलेली एक कळी काकूंच्या देखत खुडली, त्याबद्दल त्या आमच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. २०२४ च्या जानेवारीत एका माहीतगार माळ्याकडून त्याच फांदीचे दोन डोळे नव्या खुंटांवर भरून घेतले. एक मेला, एक जगला. तो आता कुंडीत आमच्याकडे आहे.

डिसेंबरात काकूंचा नातू स्टीलच्या वाटीत पाणी घालून त्यात ठेवलेले एक लाल फूल घेऊन आला. पाकळ्या मोजल्या, सत्तावीस भरल्या. नर्सरीची चिठ्ठी केव्हाच हरवली आहे. आमच्याजवळील पुस्तकांतील चित्रांशी ताडून पाहता तीन जातींचा संशय येतो, निश्चित एकही म्हणवत नाही. काकूंना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, “तुम्ही शोधा सावकाश. तोवर मी ह्यांचा गुलाब म्हणते.”